नॉर्डिकचं पॉवर प्रोफायलर किट 2: स्लीप मोडचं खरं-खोटं

ईएसपी32 ही वाय-फायवाली मायक्रोकंट्रोलर चिप डीप स्लीपमध्ये, म्हणजे गाढ झोपेत, 10 मायक्रोअँप घेते, असं डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) सांगतं. तीच चिप बसवलेला तयार डेव्हलपमेंट बोर्ड झोपवून मोजा, आकडा बऱ्याचदा मिलिअँपमध्ये येतो. डेटाशीट फक्त चिपपुरतं बोलतं. बोर्डावर एएमएस1117 हा व्होल्टेज रेग्युलेटर असेल तर तो एकटाच 5 मिलिअँपच्या आसपास खातो, वर पॉवरचा एलईडी आणि यूएसबी-सिरीयल चिप.

हे मल्टिमीटरवर बघायला गेलं की वेगळीच पंचाईत. मायक्रोअँप रेंजला मीटरच्या आतला शंट, म्हणजे करंट मोजायचा रेझिस्टर, मोठा असतो. चिप झोपलेली असेपर्यंत ठीक. जागी होऊन वाय-फाय सुरू केलं की करंट 200 मिलिअँपच्या वर उसळतो, सगळं व्होल्टेज शंटवरच पडतं आणि चिप रीसेट होते. मोठ्या रेंजला टाकलं तर झोपेतला करंट दिसेनासा होतो.

चिप बनवणाऱ्या नॉर्डिक कंपनीचं पॉवर प्रोफायलर किट 2, हे करंट मोजायचं यंत्र, नेमकं इथे कामाला येतं. आतले शंट ते स्वतःच बदलतं, त्यामुळे 200 नॅनोअँपपासून 1 अँपपर्यंत सगळं एकाच ग्राफवर, सेकंदाला 1 लाख सॅम्पल. सोर्स मोडमध्ये तेच सर्किटला 0.8 ते 5 व्होल्ट पुरवतं, अँपमीटर मोडमध्ये सप्लाय तुमचा. नॉर्डिकचं म्हणून फक्त त्यांच्याच चिपना चालतं असं अनेकांना वाटतं. तसं काही नाही, माझ्या टेबलावर त्याला बहुतेक वेळा एव्हीआर घराण्यातली चिप जोडलेली असते.

त्यातलीच एटीमेगा328पी पॉवर-डाउन या गाढ झोपेत टाकली आणि एडीसी (अॅनालॉग सिग्नलचे आकडे करणारा भाग) चालूच राहू दिला, तर ग्राफची रेघ दोनशे मायक्रोअँपच्या वर रेंगाळते. झोपण्याआधी एडीसी चालू-बंद करणारा एडीईएन बिट शून्य करा, रेघ धपकन खाली. मग उरतो ब्राउन-आउट डिटेक्टर, म्हणजे व्होल्टेज घसरलं की चिप रीसेट करणारा भाग, तो वीसेक मायक्रोअँप घेतो. तो बंद करण्याची सूचना तीनच क्लॉक सायकल टिकते, म्हणून पुढचीच ओळ स्लीपची हवी. मध्ये काही घुसलं तर तो चालूच राहतो आणि कोड वाचून ते कळतही नाही. तो गेला की 3 व्होल्टला फक्त वॉचडॉगचे, म्हणजे चिपला ठरल्या वेळी उठवणाऱ्या टायमरचे, चारेक मायक्रोअँप उरतात. ही उतरंड पायरी-पायरीने डोळ्यांसमोर उतरताना बघणं, हे माझ्या मते किटचं सगळ्यात मोठं सुख.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे ग्राफचा हवा तो तुकडा निवडला की सरासरी करंट आणि एकूण चार्ज लगेच मिळतो. समजा सेन्सर दर 10 मिनिटांनी उठतो, 3 सेकंद सरासरी 100 मिलिअँप घेतो आणि बाकी वेळ 10 मायक्रोअँपवर झोपतो. जागेपणाचे 300 मिलिकुलंब, झोपेचे जेमतेम 6. आता झोपेतले 10 चे 5 मायक्रोअँप करण्यासाठी रात्र जागवणाऱ्याने काय कमावलं? एक टक्का. वाय-फाय जोडणीतला अर्धा सेकंद वाचवला असता तर सोळा टक्के. 8 डिजिटल इनपुटही आहेत. कोडमध्ये एखादी पिन वर-खाली केली की कुठला भाग किती खातो ते ग्राफखालीच दिसतं. फक्त या इनपुटच्या लॉजिक पोर्टवरच्या व्हीसीसी (सप्लायच्या) पिनलाही तार जोडावी लागते.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. स्क्रीन नाही, त्यामुळे कॉम्प्युटर कायम सोबत. 5 व्होल्टच्या वर जाता येत नाही, म्हणजे दोन लिथियम सेल सिरीजमध्ये असतील तर रेग्युलेटरच्या आउटपुटनंतर मोजायचं. जास्त करंट ओढायचा असेल तर दुसऱ्या यूएसबी पोर्टलाही केबल.

आणि मोजताना सिरीयल अॅडॉप्टरच्या तारा काढून ठेवा. त्याच्या टीएक्स (डेटा पाठवणाऱ्या) लाइनमधून चिपच्या प्रोटेक्शन डायोडवाटे आत करंट शिरतो आणि ग्राफ भलताच कमी आकडा दाखवतो. एसटीएम32 चिप वापरणाऱ्यांनी डीबगरही (कोड तपासायला जोडलेलं यंत्र) काढावा. स्टॉप या स्लीप मोडमध्ये डीबग चालू ठेवण्याचा बिट लागलेला असेल तर क्लॉक बंदच होत नाहीत, करंट कसा उतरेल?

फक्त झोपेतला आकडा हवा असेल तर मल्टिमीटरला समांतर एक स्विच लावा, चिप जागी असताना ऑन, झोपली की ऑफ, तेवढ्यावर भागतं. बॅटरी किती महिने चालेल याचं उत्तर दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल, तर मात्र हे किट घ्याच.