एकाच पानावर दोन भाषा, की दोन वेगळी पुस्तकं?

वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं घरी कोरकू ही आदिवासी भाषा बोलणारी असतील, तर वाचन कोपऱ्यासाठी पुस्तकं घेताना हा पेच पडतोच. वर कोरकू, खाली मराठी अशी द्विभाषिक पुस्तकं घ्यावीत, की तीच गोष्ट दोन भाषांत दोन वेगळ्या पुस्तकांत? घरची भाषा वर्गात आणावी का, यावर आता वाद नसावा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ आणि २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण दोन्ही तेच सांगतात. प्रश्न आहे तो कसं आणायचं याचा. मेळघाटातल्या धारणी तालुक्यात आमच्या दोनशिक्षकी शाळेत मी दोन्ही वापरून पाहिलं.

द्विभाषिक पुस्तकांचं माझ्यावर ऋण आहे. मी आलो तेव्हा मला कोरकूचा गंध नव्हता. ऊरा म्हणजे घर, जोम म्हणजे खाणं, हे मी या पानांवरून शिकलो. आमच्या वऱ्हाडीत ‘कोण’चं ‘कोन’ होतं. दाराशी सावली दिसली की मी विचारायचो, “कोन हाय?” आणि पहिलीची पोरं बावरून एकमेकांकडे बघायची. कोरकूत कोन म्हणजे मुलगा, हे पुस्तकातल्या एका ओळीनं सांगितलं. नव्या शिक्षकासाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही. शिवाय एकाच प्रतीत काम भागतं.

तरी एका गोष्टीनं माझं मन फिरलं.

दुसरीतला एक मुलगा मराठी ओळी घडाघडा वाचायचा. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणित अभियानाच्या हिशेबात तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द वाचायला हवेत. हा आत्ताच तिथं पोचला, असं वाटून मी खूष होतो. मग नुसत्या मराठीचं एक पान पुढं ठेवलं, तर तो तिसऱ्याच शब्दावर अडला. मला राहवलं नाही. त्याच्या आवडत्या गोष्टीत खालच्या ओळीतल्या ‘घर’ शब्दावर मी ‘झाड’ लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. त्यानं न थांबता ‘घर’ वाचलं. तो खालची ओळ वाचतच नव्हता. वरची कोरकू वाचून तिचं मराठी करून सांगत होता. सात वर्षांच्या पोरासाठी ही मोठीच गोष्ट, पण ते मराठी वाचन नव्हे. आणि लिपी दोन्हीकडे देवनागरीच, त्यामुळं नजर कुठल्या ओळीवर आहे ते समोर बसूनही कळत नाही. खालची ओळ उघडी ठेवून वर पुठ्ठ्याची पट्टी धरली, तर पोरं पट्टी सरकवून बघत. त्यांचं काय चुकलं? सोपी ओळ समोर असताना अवघड कोण वाचेल?

वेगळ्या पुस्तकांचा त्रास आहेच. प्रती दुप्पट लागतात, जोड्या फुटतात, शनिवारी आवरताना जीव मेटाकुटीला येतो. पण आधी कोरकू पुस्तक, मग आठवड्यानं तीच गोष्ट मराठीत दिली, की पोर अर्थ सोबत घेऊन येतं आणि शब्द मात्र अक्षरांवरूनच काढतं. मला त्याची अडचण नेमकी दिसते. ‘मुलगी आली’वर बोट ठेवून एखादी ‘मुलगी आला’ म्हणते, तेव्हा ती चुकीचं वाचत नसते. कोरकूत सजीव-निर्जीव असा भेद चालतो, मराठीसारखं स्त्रीलिंग-पुल्लिंग क्रियापदाला चिकटत नाही. तिथं मी वाचन थांबवत नाही. आली-आलाचा खेळ दुपारी घेतो. द्विभाषिक पानावर तिनं ‘आली’ पाहिलं तरी होतं का, हेच मला सांगता आलं नसतं.

हा एका शाळेचा, दोन वर्षांचा अनुभव. तुमची पोरं आधीच मराठी बरी बोलत असतील किंवा तुम्ही गावात नवीन असाल, तर द्विभाषिक संच घेणं कदाचित बरं पडेल. होळीनंतर शाळेत उशिरा परतणाऱ्या मुलांनाही मी आधी तीच देतो. पैसे एकाच संचाचे असतील, तर मी तरी वेगळी पुस्तकं घेईन. कोरकू प्रत नाही मिळाली, तर स्टोरीविव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावरची खुल्या परवान्याची एखादी गोष्ट गावातल्या जाणत्या बाईकडून कोरकूत करून घ्या आणि साध्या कागदावर छापा. दोन पुस्तकांमध्ये आठवडा मात्र जाऊ द्या. मी घाई करून दुसऱ्याच दिवशी मराठी दिलं होतं, तेव्हा पोरं पुस्तक मिटूनच गोष्ट सांगायला लागली.