पिकअपच्या एसीचा क्लच आणि कुर्टीचा मेस्त

आमचं फुलांच्या सजावटीचं काम आहे. घर गोव्यात म्हार्दोळजवळ, गाडी डबल केबिन पिकअप, अकरा वर्षं जुनी. हौद्यात लोखंडी फ्रेमा, पडदे, समया, आणि मागच्या सीटवर फुलं. लग्नाला किंवा देवळाला जाणारी नाजूक फुलं मी कधीच हौद्यात ठेवत नाही. सीटवर ओलं फडकं, त्यावर केळीची पानं, पानांत मोगऱ्याच्या कळ्या आणि अबोलीच्या फाती (वेण्या), वर परत पान. एसी लावला की दीड-दोन तास काही होत नाही. त्यामुळे या गाडीचा एसी म्हणजे माझ्या धंद्याचा फ्रीज आहे.

मे महिन्यात म्हापशाला लग्न होतं. आम्ही दुपारी एकला निघालो. बाणस्तारी, जुनं गोवं, सगळं गार. पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामामुळे गाड्यांची रांग लागलेली, त्यात अर्धा तास अडकलो आणि जाळीतून गरम वारा यायला लागला. बटण बंद-चालू केलं, पंखा वाढवला, काही नाही. म्हापशाला पोचून पान उघडलं तर कळ्या अर्ध्या उमललेल्या, आणि पाकळ्यांच्या कडा तांबूस पडलेल्या. मोगऱ्याची कळी संध्याकाळी नवरीच्या केसांत उमलायला हवी. ती दुपारी गाडीत उमलली की संपलं. तिथल्या बाजारातून मिळेल त्या भावाने मोगरा घेतला आणि वेळ निभावली. रात्री परतताना एसी एकदम फर्स्ट क्लास चालला.

दुसऱ्या दिवसापासून हेच. सकाळी गार, दुपारी गर्दीत बंद, संध्याकाळी पुन्हा गार. पहिल्यांदा मी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले. गाडी सकाळी दिली होती, त्यामुळे तिथे एसी चालूच होता. त्यांनी गॅस काढून नवा भरला, 2,200 रुपये घेतले. चार दिवसांनी तेच दुखणं घेऊन परत गेले तर म्हणाले, कंप्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) गेला, नवा बसवावा लागेल, 26,500 रुपये. काय तपासलं ते विचारलं तर नीट उत्तर मिळालं नाही. राग त्याचा जास्त आला.

मग एका रिक्षावाल्याने फोंड्याजवळच्या कुर्टीचं एसीचं दुकान सांगितलं. दुकानाला पाटी नाही. बाहेर जुने कंडेन्सर टांगलेले आहेत, तीच खूण. आत एक मेस्त (मेकॅनिक) आणि एक मुलगा, बस्स. मी सगळं सांगितलं. त्याने गॅसचा दाब मोजायचा गेज लावायच्या आधी विचारलं, ‘‘किती वेळ चालल्यावर बंद पडतो?’’ हा प्रश्न आधीच्या ठिकाणी कुणीही विचारला नव्हता. मग बॉनेट उघडून, एसी लावून, भर उन्हात गाडी चालू ठेवली आणि दुसऱ्या कामाला लागला. पंचविसेक मिनिटांनी एसी बंद पडला. तो ताबडतोब हातातलं काम टाकून आला.

इथून पुढे त्याने जे केलं ते मी शेजारी उभी राहून बघितलं, म्हणून सविस्तर लिहिते. कंप्रेसरच्या तोंडावर पट्ट्याने फिरणारी पुली असते. ती इंजिन चालू असेपर्यंत फिरतच राहते, एसी लावा नाहीतर नका लावू. पुलीच्या मागे तांब्याच्या तारेची कॉइल आणि पुढे एक लोखंडी प्लेट. आपण बटण दाबलं की कॉइलचं चुंबक होतं, ते प्लेटला खेचून पुलीला चिकटवतं आणि मग कंप्रेसर फिरतो. या सगळ्या जोडणीला क्लच म्हणतात. एसी लावल्यावर ‘टक’ असा आवाज येतो तो याचाच. माझ्या गाडीत बंद पडल्यावर ‘टक’ येतच नव्हता. मेस्ताने क्लचच्या वायरीवर मीटर लावला, बॅटरीचं व्होल्टेज व्यवस्थित पोचत होतं. म्हणजे फ्यूज, रिले, गॅसचा स्विच सगळं ठीक. गेज लावून गॅसही बघितला, बरोबर होता. मग त्याने लाकडी पट्टीच्या टोकाने त्या प्लेटला जरासं आत ढकललं आणि टक! एसी चालू. (हे घरी करून बघू नका, फिरता पट्टा तिथून चार बोटांवर असतो.)

‘‘वयनी, कंप्रेसर बरो आसा. क्लच गेला,’’ तो म्हणाला.

गाडी बंद करून त्याने पातळ पात्यांचा गेज प्लेट आणि पुलीच्या फटीत घातला आणि मला दाखवला. फट साधारण 0.4 ते 0.6 मिलिमीटर असायला हवी, माझ्या गाडीची 0.9 झाली होती. प्लेट झिजत गेली की फट वाढते. इंजिनच्या धगीने कॉइल तापली की तिच्यातून करंट कमी जातो, ओढ कमी पडते, आणि वाढलेली फट तिला ओलांडता येत नाही. थंड झाली की पुन्हा खेचते. पर्वरीत बंद आणि रात्री चालू याचं कारण हे. मला इतकं बरं वाटलं ते ऐकून! महिनाभर आपल्याच डोक्यात काहीतरी गडबड आहे असं वाटत होतं.

फट कमी करायला आतली एक पातळ चकती काढली तरी काम भागतं, आणि तो दोनशे रुपयांत तेवढंच करून देऊ शकला असता. पण एसी बंद असतानाही पुलीतून घर्रर्र आवाज येत होता, म्हणजे बेअरिंगही संपत आलं होतं. ते जाम झालं तर पट्टा तुटतो, आणि माझ्या गाडीत त्याच पट्ट्यावर बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर आहे. म्हणून पूर्ण क्लच सेट बदलायचं ठरवलं: कॉइल, बेअरिंगसकट पुली आणि प्लेट. त्याआधी त्याने कंप्रेसरचा शाफ्ट हाताने फिरवून बघितला, गुळगुळीत फिरला. पुढच्या सीलमधून तेल गळत नाही हेही बघितलं, कारण तिथून तेल आलं तर नवी प्लेटही घसरते.

काम अडीच तासांचं. पाइप सोडले नाहीत, कंप्रेसर पाइपांसकट खाली घेतला, त्यामुळे गॅस जागच्या जागी राहिला आणि भरायचा खर्च वाचला. नवी प्लेट बसवल्यावर फट तीन ठिकाणी मोजली. एका बाजूला जास्त भरली म्हणून सगळं परत खोलून चकती बदलली आणि तिन्हीकडे अर्धा मिलिमीटर आणली. मी काही बोलले नव्हते, माझ्या लक्षातही आलं नसतं. कनेक्टरला खाऱ्या हवेने हिरवा गंज धरला होता, तो कापून नवा लावला. शेवटी एसी वीसेक वेळा चालू-बंद केला, म्हणजे नवी प्लेट पुलीवर नीट बसते. जाळीत थर्मामीटर खोचला, 8 अंश. क्लच सेट 5,400, मजुरी 1,500.

तक्रारीही आहेत. भाग दोन दिवसांत येतो म्हणाला, यायला पाच दिवस लागले, आणि मधे दोनदा मीच फोन केला. त्या पाच दिवसांत मडगावची एक ऑर्डर मला सोडावी लागली. सेट कंपनीचा नाही, बाहेरचा आहे. हे त्याने आधीच सांगितलं, पण सहा महिन्यांची हमी तोंडीच दिली. बिल मागितलं तेव्हा वहीच्या पानावर लिहून दिलं. बसायला सावली नाही, एक प्लास्टिकची खुर्ची उन्हात.

जुनी प्लेट मी मागून घेतली. तोंडावर गोल गोल वळे पडलेत आणि कड जळून निळी झाली आहे. ती समयांच्या खोक्यात ठेवली आहे.

श्रावणात आमच्या महालसेच्या देवळात जायांची (जाईच्या फुलांची) पूजा झाली, त्याच आठवड्यात पणजीला दोन मखरं होती. वाटेतला पूल ओलांडायला पाऊण तास लागला. जायांच्या कळ्या पानात होत्या तशाच उतरवल्या, एकही उमलली नव्हती.

कुर्टीच्या दुकानात जायचं असेल तर सकाळी नऊच्या आत गाडी नेऊन उभी करा, आणि दुखणं दुपारचं असेल तर गाडी दुपारपर्यंत तिथेच ठेवायची तयारी ठेवा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचे पंधरा दिवस रांग असते. रविवारी बंद.