'मायकल कॉलिन्स' की 'द विंड दॅट शेक्स द बार्ली', एकच बघायचा असेल तर?

आधीच सांगतो, दोन्ही पिक्चर चांगलेत, नाहीतर लोक अंगावर येतात. दोन्ही आयर्लंडच्या ब्रिटिशांविरुद्धच्या लढ्यावर आणि त्यानंतरच्या यादवीवर आहेत, कॉलिन्स हा त्या लढ्यातला एक नेता. १९९६ चा नील जॉर्डनचा 'मायकल कॉलिन्स' म्हणजे सरळ हिरोवाला पिक्चर. लियाम नीसन जबरदस्त, अ‍ॅलन रिकमनचा डी व्हॅलेरा (लढ्यातला दुसरा बडा नेता) तर नुसता बघत बसावं असा, आणि १९२० चा ब्लडी संडे (डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात ब्रिटिशांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या तो दिवस) सुरू झाला की जागचं हलवत नाही. आता क्रोक पार्कात चिलखती गाडी मैदानात घुसून गोळ्या झाडते तसं काही झालं नव्हतं, आणि कॉलिन्सला आतून खबरा देणाऱ्या ज्या पोलिसाला, नेड ब्रॉयला, हाल करून मारलेलं दाखवलंय तो खरा ब्रॉय पुढे आयरिश पोलिसांचा प्रमुख झाला. चालायचंच, पिक्चर आहे.

माझं बिनसलं ते ब्रिटनशी झालेल्या १९२१ च्या तहापाशी. कॉलिन्स लंडनला जातो काय, तह करून परत येतो काय, तिथे टेबलावर काय घडलं ते जवळजवळ गायबच. तहातली ब्रिटनच्या राजाशी निष्ठेची शपथ लोकांना एवढी का झोंबली, ब्रिटनकडेच राहिलेल्या उत्तर आयर्लंडचं काय, सगळं दोन-चार वाक्यांत उरकलंय, पण किटी नावाच्या मुलीवरून कॉलिन्स आणि त्याचा मित्र हॅरी बोलंड यांचं जे चाललंय (ज्युलिया रॉबर्ट्स आहे ना, मग वेळ द्यावाच लागणार) त्याला मात्र भरपूर जागा. मग यादवी पेटली की वाटायला लागतं हे सगळं एका मुलीपायी आणि डी व्हॅलेराच्या खुनशीपणामुळे झालं. अरे, डॉइलमध्ये (आयरिश संसदेत) तहाच्या बाजूने ६४ आणि विरोधात ५७ मतं पडली होती, ते ५७ जण काय नुसते रुसून बसले होते?

केन लोचचा 'बार्ली' (२००६) नेमका त्या तहाच्या भांडणावरच थांबून बोलतो. दक्षिण आयर्लंडच्या कॉर्कमधली साधी पोरं, किलियन मर्फीचा डेमियन निघालेला लंडनला डॉक्टरकी करायला आणि अडकतो लढ्यात. त्यात एक कोर्टाचा सीन आहे. क्रांतिकारकांचंच कोर्ट, म्हातारीकडून अव्वाच्या सव्वा व्याज उकळणाऱ्या सावकाराविरुद्ध निकाल देतं, आणि डेमियनचा भाऊ टेडी त्या सावकाराला सोडवून नेतो, का तर बंदुकांना पैसा तोच देतो. तिथेच खोलीत जी जुंपते ना, त्यात पुढची अख्खी यादवी दिसते, तह तर अजून झालेलाही नसतो. आणि तह झाल्यावर गावातली माणसं बसून भांडतात तेव्हा दोन्ही बाजू पटतात, तहाच्या बाजूने असलेल्या टेडीचीही, मला तरी पटली.

खोट आहेच. पिक्चर संथ आहे, लोचचं डावेपण लपत नाही, ब्रिटिश सैनिक बहुतेक नुसते ओरडतात. कॉर्कचा अ‍ॅक्सेंट सबटायटल्सशिवाय झेपणार नाही, निदान मला नाही झेपला. घरच्यांना घेऊन बसणार असाल तर कदाचित 'कॉलिन्स'च बरा पडेल. एकट्याने बघणार असाल आणि दुसऱ्या दिवशी लवकर उठायचं नसेल तर 'बार्ली' लावा.