जुनी रॅम दुकानात सोडून येऊ नका

लॅपटॉपची रॅम वाढवायला निघाला असाल, तर आधी हे वाचा. ठाण्यातल्या एका दुकानात माझ्या भाचीला फसवलं, आणि फसवण्याची रीत इतकी साधी आहे की ती कुणाच्याही बाबतीत खपून जाईल.

तिचा लॅपटॉप 2023 चा. ती इंजिनिअरिंगला आहे आणि कॉलेजची सॉफ्टवेअर्स 8 जीबी रॅमवर रखडत होती. आत रॅम बसवायच्या दोन खाचा, म्हणजे स्लॉट, त्यातला एक रिकामा. म्हणजे 8 जीबीची आणखी एक स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, बसवायची, एवढंच काम. दुकानदार म्हणाला, "ताई, जोडी सारखी असली की डुअल चॅनेलला चांगली चालते. दोन्ही नवीन टाकतो. जुनी माझ्याकडे राहू द्या, तेवढे पैसे कमी लावतो." डुअल चॅनेल म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरणं, त्याने वेग वाढतो. सारख्या जोडीचं त्याचं बोलणं बऱ्याच अंशी खरं आहे, म्हणूनच पुढचंही पटतं. लॅपटॉप आतल्या खोलीत गेला, परत आला तेव्हा स्क्रीनवर 16 जीबी दिसत होते. बिलावर फक्त "रॅम 16 जीबी". कंपनी नाही, स्पीड नाही, सीरियल नंबर नाही.

थोड्याच दिवसांत लॅपटॉप मध्येच बंद पडून निळा स्क्रीन येऊ लागला. वॉरंटी शिल्लक होती म्हणून ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेली. त्यांनी सांगितलं, मूळ रॅम लावून आणा. तरीही बंद पडला तर आम्ही बघू. मला ही मागणी रास्त वाटते. बिघाड मशीनचा की बाहेरून बसवलेल्या भागाचा, हे मूळ स्टिक लावल्याशिवाय कसं कळणार? पण ती स्टिक तर दुकानात राहिली होती.

मग मी लॅपटॉप घेऊन बसलो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात मेमरी उघडली, तर स्पीड 2400. कंपनीच्या नोंदीप्रमाणे मूळ स्टिक 3200 ची होती. आता नुसता कमी स्पीड हा पुरावा नव्हे, कारण दोन वेगळ्या स्पीडच्या स्टिक लावल्या तर दोन्ही कमी स्पीडवरच चालतात. म्हणून सीपीयू-झेड (CPU-Z) हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं. त्याच्या एसपीडी टॅबमध्ये प्रत्येक स्लॉटमधल्या स्टिकची कंपनी, पार्ट नंबर आणि बहुतेक वेळा उत्पादनाचा आठवडा व वर्षही दिसतं. दोन्ही स्टिक वेगवेगळ्या कंपन्यांच्या निघाल्या, दोन्ही 2017 च्या! नव्या कोऱ्या जोडीच्या नावाखाली कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपमधून काढलेला माल बसवला होता आणि तिची चांगली स्टिक ठेवून घेतली होती. भाचीच्या मैत्रिणीकडून 3200 ची स्टिक आणून लावली, निळा स्क्रीन थांबला.

दुकानदाराने कानांवर हात ठेवले. "मी नवीनच दिली, तुम्ही दुसरीकडे उघडला असेल." राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवल्यावर त्याने रॅमचे पैसे परत केले. मूळ स्टिक मात्र "विकली गेली". 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत, त्यामुळे "जुनी काय कामाची" म्हणणाऱ्याला तिची किंमत पक्की ठाऊक असते. त्या एक्स्चेंजमध्ये तुमच्या हाती काय येतं, तेही एकदा हिशोब करून बघा.

दुकानात जाण्याआधी सीपीयू-झेडमधल्या माहितीचा फोटो काढून ठेवा. काम डोळ्यांसमोर करून घ्या. मागचं झाकण उघडून स्टिक बदलायला फार वेळ लागत नाही. आतच न्यावं लागेल म्हणणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडा. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. काढलेली स्टिक नवीन रॅमच्या खोक्यात किंवा अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या) पिशवीत ठेवा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका, आणि निदान वॉरंटी संपेपर्यंत ती विकू नका. नंतर विका किंवा कुणाला द्या, तो तुमचा प्रश्न.

हार्ड डिस्क किंवा एसएसडी बदलत असाल तर याहून जास्त जपा. रॅममधलं सगळं वीज गेली की पुसलं जातं. जुन्या डिस्कमध्ये मात्र तुमचे फोटो, आधारची प्रत, बँकेची स्टेटमेंट्स तशीच असतात, आणि हार्ड डिस्कवरून नुसती डिलीट केलेली फाइलही बऱ्याचदा परत काढता येते. दुकानदार तिचे कितीही पैसे देत असला तरी ती काउंटरवरून उचलूनच निघा.