फॉसडेम की इंडियाफॉस: रजा कुठे खर्च करावी?

ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, हात घातलेल्या पुण्या-मुंबईच्या डेव्हलपरपुढे परिषदेला जायचं म्हटलं की बहुधा हे दोन पर्याय येतात. एक, जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या विद्यापीठात शनिवार-रविवार भरणारं फॉसडेम. दुसरं, फॉस युनायटेड या भारतीय संस्थेचं इंडियाफॉस, जे २०२४ आणि २०२५ मध्ये सप्टेंबरात बेंगळुरूच्या निम्हान्स कन्व्हेन्शन सेंटरमध्ये झालं.

इंडियाफॉसला तिकीट काढावं लागतं. फॉसडेमला तिकीट नाही, नावनोंदणीही नाही. सरळ आत शिरायचं. पण फुकट म्हणून हुरळून जाऊ नका, हा चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला आहे. बेल्जियमला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा, वर विमान आणि हॉटेल. शिवाय नोंदणीच नसल्याने व्हिसाच्या फायलीत लावायला नोंदणीचा कागदही हाती नसतो. टॉक (भाषण) द्यायचं असेल तर निवडीचा मेल असतो, पण तो साधारण डिसेंबरच्या मध्यावर येतो आणि व्हिसाला नियमाप्रमाणे पंधरा दिवस लागतात. अपॉइंटमेंट आधीच धरून ठेवलेली बरी. बेंगळुरूला काय, रात्रीच्या बसमध्ये बसलं की झालं.

आता मुख्य मुद्दा. फॉसडेमची टॉक्स थेट प्रक्षेपित होतात आणि नंतर रेकॉर्डिंगही मिळतं. त्यामुळे नुसती टॉक्स ऐकायला ब्रसेल्स गाठणं मला पटत नाही. तिथे हजारोंची गर्दी असते आणि एकेका विषयाला वाहिलेल्या खोल्या, म्हणजे डेव्हरूम, लहान पडतात. खोली भरली की दारावर ‘फुल’ची पाटी लागते आणि आतलं कुणी उठेपर्यंत बाहेरच्यांनी रांगेत उभं राहायचं. दर तासाला खोली बदलायचं वेळापत्रक आखून गेलात तर निम्मा दिवस जिन्यात जाईल. मुरलेले लोक सकाळी एक डेव्हरूम धरतात आणि जागा सोडत नाहीत.

मग जायचं कशाला? माणसांसाठी. ज्या मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, तुमचा पॅच (कोडमधला बदल) तीनदा परत पाठवला, तो प्रकल्पाच्या स्टॉलवर टी-शर्ट विकत उभा असू शकतो. महिनाभर मेलवर अडलेली चर्चा तिथे दहा मिनिटांत सुटते. मात्र त्यासाठी तुमचं नाव त्याच्या ओळखीचं हवं. ते नसेल तर स्टिकर, फ्राइज आणि थंडी एवढंच पदरात पडतं.

म्हणून अजून पहिलाच पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल प्रकल्पात घ्यायची विनंती) पाठवायचा असेल, किंवा प्रकल्प तुमचा स्वतःचा आणि नवा असेल, तर माझं मत बेंगळुरूच्या बाजूने. बोलायला सुरुवात करताना भाषेचा, हुद्द्याचा संकोच कमी होतो, आणि भेटलेला माणूस पुढच्या महिन्यात पुण्यातल्याच एखाद्या मीटअपला पुन्हा भेटू शकतो. नोकरी बदलायचा विचार असेल तर हे जास्त उपयोगी.

वर्ष-दोन वर्षं एकाच प्रकल्पात काम करत असाल आणि त्याची डेव्हरूम फॉसडेमला असेल, तर मात्र खर्चाकडे न बघता एकदा जाच. कंपनी पैसे देत असेल तर प्रश्नच मिटला.

डेबियन या लिनक्स प्रणालीवर काम करणाऱ्यांनी या दोन्हींआधी डेबकॉन्फ, म्हणजे डेबियनची स्वतःची परिषद, बघावं. तिथे प्रवास, राहणं आणि जेवणासाठी आर्थिक मदतीचा अर्ज करता येतो. २०२३ चं डेबकॉन्फ तर आपल्या कोचीतच झालं होतं.