विंडोज ११ मधील मर्यादित खाते: गुळाच्या अडत दुकानातील अनुभव

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील आमच्या गुळाच्या अडत दुकानात शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या), उचल आणि बँकेचे व्यवहार एकाच संगणकावर होतात आणि दिवाणजींपासून हंगामापुरत्या येणाऱ्या मुलांपर्यंत अनेकजण तो हाताळतात. विक्रेत्याने संगणक देताना त्यावर एकच ॲडमिनिस्ट्रेटर (ॲडमिन), म्हणजे संगणकाचे पूर्ण अधिकार असलेले, खाते उघडून दिले होते, तेही पासवर्डशिवाय. ही पद्धत इतकी रुळली आहे की गिऱ्हाईकही त्याबद्दल काही विचारत नाही. गेल्या हंगामाच्या तोंडावर आम्ही रोजचे काम विंडोज ११ मधील स्टँडर्ड, म्हणजेच मर्यादित अधिकारांच्या, खात्यांवर आणले. त्या वापरावरून बनलेले मत येथे मांडत आहे.

या सोयीला वेगळा पैसा पडत नाही. आधी पासवर्ड असलेले नवे ॲडमिन खाते उघडावे, त्यात शिरून सेटिंग्जमधून जुन्या खात्याचा प्रकार स्टँडर्ड करावा, म्हणजे जुन्या फायली आणि डेस्कटॉप जागच्या जागी राहतात.

फरक जाणवतो तो संगणकात मोठा बदल होण्याआधी उघडणाऱ्या परवानगीच्या खिडकीत. २००७ साली विंडोज विस्टाबरोबर आलेली ही खिडकी ॲडमिन खात्यावर केवळ होय किंवा नाही एवढेच विचारते आणि कामाच्या घाईत बोट आपोआप होयवर जाते. स्टँडर्ड खात्यावर मात्र तीच खिडकी ॲडमिनचा पासवर्ड मागते आणि आमच्याकडे तो फक्त मालकांपाशी असतो. त्यामुळे कोणीतरी पेनड्राइव्हवरून आणलेली, साऱ्या संगणकासाठी बसणारी सॉफ्टवेअरे थांबली. संगणकाची तारीख मागे घेणेही बंद झाले, जे पट्ट्यांच्या धंद्यात बरेच महत्त्वाचे आहे; टाइम झोन मात्र अजूनही बदलता येतो, हे ठाऊक असलेले बरे.

खरी कसोटी लागते ती जुन्या सॉफ्टवेअरवर. बिले करणारे अनेक जुने प्रोग्राम आपली माहिती प्रोग्राम फाइल्समधील, म्हणजे विंडोज जेथे सॉफ्टवेअर बसवते तेथील, स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात आणि तेथे लिहिण्याचा अधिकार स्टँडर्ड खात्याला नसतो. अशा वेळी विंडोज चूक दाखवण्याऐवजी अनेकदा ती माहिती त्या वापरकर्त्याच्या खासगी व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरमध्ये गुपचूप वळवते. परिणाम असा की दिवाणजींच्या खात्यावर केलेली पट्टी दुसऱ्या खात्यावर दिसतच नाही आणि सॉफ्टवेअर बिघडले अशी सर्वांची समजूत होते. दुरुस्तीला येणारे यावर एकच उपाय सुचवतात, तो म्हणजे सगळ्यांना पुन्हा ॲडमिन करण्याचा. हा उपाय आम्हाला मान्य नाही. आम्ही केवळ त्या एका फोल्डरवर लिहिण्याची परवानगी दिली आणि व्हर्च्युअलस्टोअरमधील फायली मूळ जागी आणून ठेवल्या. एवढ्याने भागले, पण ज्याला हे कारण उमगले नाही तो दुकानदार पहिल्याच आठवड्यात कंटाळून जुन्या व्यवस्थेकडे परत जाईल, हा या सोयीचा मोठा दोष मानावा लागेल.

प्रिंटरचा त्रास त्या मानाने किरकोळ आहे. ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून नेटवर्कवरील सामायिक प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, बसवायला मुळातच ॲडमिनचे अधिकार लागतात, त्यामुळे तेवढ्यापुरते मालकांना बोलवावे लागते.

स्टँडर्ड खाते म्हणजे कवचकुंडले नव्हेत. क्रोमसारखे प्रोग्राम वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ॲडमिनचा पासवर्ड न देताही बसतात आणि दूरवरून संगणक हाताळू देणारे काही प्रोग्राम तर न बसवताही चालतात; त्यामुळे ग्राहक सेवेच्या नावाने फोन करणाऱ्या भामट्यापासून हे खाते आपल्याला वाचवत नाही. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम शिरलाच, तर त्या खात्याला लिहिता येणारी प्रत्येक फाइल त्याच्याही तावडीत सापडते.

येथेच डी ड्राइव्हचा, म्हणजे विंडोज असलेल्या सी ड्राइव्हपासून वेगळ्या ठेवलेल्या भागाचा, प्रश्न येतो. आपल्याकडे सारा हिशेब डी ड्राइव्हवर ठेवण्याची प्रथा आहे, पण त्या ड्राइव्हवर विंडोजची मूळ परवानगी अशी असते की संगणकात शिरलेला कोणताही वापरकर्ता तेथील फाइल बदलू शकतो किंवा पुसू शकतो. म्हणून हिशेबाच्या फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये जाऊन दिवाणजींना बदलाचा आणि इतरांना फक्त वाचण्याचा अधिकार ठरवून द्यावा, आणि रोजची नक्कल घेतलेली बाहेरची डिस्क काम संपताच संगणकापासून काढून ठेवावी.