शब्दांची यादी की शब्दांची मुळं?

रत्नागिरीत परीक्षेसाठी मी रोज २० इंग्रजी शब्द घोकायचो. पंधरवड्यात निम्मे ओहोटीबरोबर जायचे. कार्डं करून वाढत्या अंतराने उजळणी केली की बरेच टिकले. परीक्षा तोंडावर असेल तर हाच मार्ग.

मला खरा नाद मात्र मुळांचा. लॅटिन ‘बेने’ म्हणजे चांगलं, हे कळलं की बेनेव्होलंट (परोपकारी), बेनिफॅक्टर (उपकारकर्ता), बेनिडिक्शन (आशीर्वाद) एकाच जाळ्यात येतात. ‘मान्सून’ अरबी ‘मौसिम’पासून, पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेला, आपला ‘मोसम’ त्याचाच भाऊ! काथ्याचा ‘कॉयर’ मल्याळम ‘कयर’वरून. मुळं कधीकधी फसवतातही: पेडेस्ट्रियनमधला ‘पेड’ लॅटिन, पायाचा, पेडियाट्रिशियनमधला ग्रीक, मुलाचा. तिथे शब्दकोश उघडावाच लागतो.